चाळीसपैकी चाळीस

वर्गशिक्षक मा सर कापडी पिशवी घेऊन पहिल्या बाकापासून निघाले, तेव्हा तेरिमनं आपला एमपी-थ्री प्लेयर मोज्यात कोंबला. काही उपयोग झाला नाही. सरांनी तिच्या एका फुगलेल्या घोट्याकडे पाहिलं आणि नुसता हात पुढे केला.

नियम सोमवारीच दाराशेजारच्या भिंतीवर लागला होता. वर जाड अक्षरांत ‘प्लेयरचा जबाबदार वापर’ आणि खाली अडीच ओळी. आत इंग्रजीचे धडे असतील तर प्लेयर परत मिळेल, गाणी असतील तर उन्हाळी सुट्टीपर्यंत पिशवीत. किती वेळ ऐकायचं, किती मोठ्यानं ऐकायचं, याबद्दल एक अक्षर नाही. दक्षिण कोरियातल्या तेगू शहरातल्या त्या मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्षाला कुणाला ते विचारायचं सुचतच नव्हतं.

“दोनशे बारा गाणी,” सर प्लेयरच्या पडद्यावरची यादी सरकवत म्हणाले. “इंग्रजीचे दोनशे बारा शब्द तरी येतात का गं?”

वर्ग हसला. तेरिमही हसली, टोमणा चांगला होता. पण प्लेयर पिशवीत पडला तेव्हा तिला राहवेना. आवाज पंधरावर आहे, निदान बघा तरी, असं ती म्हणाली. सर म्हणाले, आवाजाशी त्यांना काही करायचं नाही. आत काय भरलंय तेवढंच ते बघतात.

तेरिमच्या उजव्या हाताला दानबी बसायची. तिनं न मागता प्लेयर काढून दिला. त्याची वायर तिच्या डाव्या बाहीतून आली होती. ही युक्ती वर्गातल्या सगळ्यांना माहीत होती. बाहीतून वायर वर घ्यायची, कानात घालायचं बोंड तळहातात धरायचं आणि गाल टेकवून विचार करत असल्यासारखं बसायचं. बाकीच्या मुली त्यातून गाणी ऐकायच्या. दानबी डाव्या कानानं शिकवणीचे धडे ऐकायची आणि उजवा कान सरांसाठी मोकळा ठेवायची. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत.

धडेच आहेत ना, हे बघायला सरांनी बोंड आपल्या कानात घातलं आणि चटका बसावा तसं उपटून काढलं. आतली बाई दुप्पट वेगानं इंग्रजी वाचत होती आणि ते तीन बाकांपर्यंत ऐकू येत होतं. पडद्यावर आकडा होता चाळीस. त्याच्यापुढे तो जातच नाही.

सरांनी कान चोळला. मग ते हसले.

“याला म्हणतात मन लावून ऐकणं. गाणी शून्य, धडे चारशे.” मग वर्गाकडे वळून ते म्हणाले की नोव्हेंबरातल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याच्या पेपरासाठी अख्ख्या देशातली विमानं अर्धा तास जमिनीवर थांबवतात, ती कुणासाठी? अशा मुलींसाठी.

तेरिमच्या डोक्यात सणक गेली. आता तर सरांच्या स्वतःच्या कानात ठणका लागला होता! दानबीच्या शब्दकोशात एक घडी घातलेली चिठ्ठी होती. मागच्या आठवड्यात नर्सबाईंनी सगळ्यांचे कान तपासले, तेव्हाची. डाव्या कानाला कमी ऐकू येतं, ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं. खाली आईच्या सहीची जागा कोरी. डॉक्टर प्लेयर बंद करायला लावतील, परीक्षेला पाच महिने उरलेत, नंतर बघू, असं दानबी म्हणाली होती. आणि कुणाला सांगणार नाही, अशी तेरिमकडून शपथ घेतली होती.

तेरिम उभी राहिली. चिठ्ठीचं ती बोलली नाही.

“सर, चाळीसवर ऐकलं की कान जातो. मग गाणी असोत नाहीतर धडे. आत काय भरलंय ते कानाला थोडंच कळतं?”

“तुझा प्लेयर गेला म्हणून तिच्यावर जळतेस होय?” सर म्हणाले. “बस खाली.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. बाकाखालून दानबीची लाथ बसली, चांगली सणसणीत. तेरिम बसली. तिचे कान लाल झाले होते.

दानबीनं परत मिळालेल्या प्लेयरची वायर बाहीत सरकवली आणि मान खाली घालून शब्द लिहायला लागली. सर मागून वळसा घालून डावीकडे, खिडकीजवळच्या रांगेत गेले. पिशवी भरत आली, तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं. खिशातून त्यांनी पिवळ्या स्टिकरचा कागद काढला. वर्गात जिच्या प्लेयरला हे स्टिकर असेल, तिची यापुढे तपासणी होणार नाही, असं ते म्हणाले. एक स्टिकर सोलून त्यांनी बोटावर घेतलं.

“दानबी.”

दानबी लिहीत राहिली.

गेला आठवडाभर असं झालं की तेरिम बाकाखालून तिचं कोपर हलवायची. हळूच, कुणाला दिसणार नाही असं. दानबी लगेच मान वर करायची आणि सगळं निभावून जायचं. आताही तेरिमचा हात निघाला होता. तिनं तो मागे घेतला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.

“दानबी,” सर खिडकीजवळून मोठ्यानं म्हणाले. “अगं, तुला बोलावतोय.”

पंखे फिरत होते. एकेक करून मुलींनी लिहिणं थांबवलं. सर तिसऱ्यांदा ओरडलेच, तेव्हा दानबी दचकून उठली. तिनं घाईघाईनं स्कर्ट नीट केला, उजवीकडे वळली आणि बंद दाराला कंबरेत वाकून नमस्कार केला.