हिरवा ठिपका

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता आणि धाकूचं हेल्मेट खुंटीवर होतं.

"आता पडदा बरा झालाय बघा, मॅडम," टाक्यांवर नजर ठेवणारा धाकू उत्तराला म्हणाला. "आधी मध्येच मरून पडायचा आणि आम्हाला पत्ताच नाय. मग मी आपला शिडी चढून टाकीत डोकवायचो. आता डोळा मिचकावतो, म्हणजे जिवंत आहे."

डोंबिवलीच्या त्या केमिकल कारखान्यात टाक्यांची पातळी दाखवणारा संगणक उत्तराच्या कंपनीनं बसवला होता. पडदा गोठतो, अशी तक्रार होती आणि उत्तरानं तिचं मूळ शोधलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीतलं पान, म्हणजे माहितीचा एक तुकडा, एका जागेहून दुसरीकडे हलवायचा आणि नवा पत्ता स्वतःच्या पेज टेबलात, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, लिहायचा. ग्राफिक्स कार्डाच्या टेबलात मात्र जुनाच पत्ता राहायचा. कार्ड निमूटपणे जुनं चित्र दाखवत बसायचं. तिची दुरुस्ती तयार होती, फ्लॉपी पर्समध्ये होती. ती चढवायला कारखाना अर्धा दिवस थांबवावा लागणार होता आणि कारखान्याकडून तो वेळ मागून घेणं तिच्या साहेबांचं, जगनचं काम होतं.

जगन खिडकीपाशी बसून बटाटावडा खात होता. हा ठिपका कुणी टाकला, असं तिनं विचारलं. धाकू चहा ओतायला वळला तसा जगननं आवाज खाली घेतला.

"मीच टाकला, काल. तक्रार मिटली, कारखानेवाल्यांची सहीपण झाली. आता प्लांट बंद करा म्हणून सांगायला गेलो तर सगळं परत उकरून निघेल."

"सर, हा ठिपका कार्ड आपलं आपण लुकलुकवतं. चित्र शिळं असलं तरी हा चालूच राहणार."

"म्हणून तर टाकला." जगन हसला. पोराच्या गालाला लावावं तसं त्यानं ठिपक्याला बोट लावलं. काचेवर तेलाचा ठसा उमटला.

उत्तराला शिसारी आली. या माणसाच्या हाताखाली तिनं काम शिकलं होतं. नजर त्या ठशावरून हटवायला म्हणून तिनं पडद्यावरचा आकडा पाहिला. सॉल्व्हंटची टाकी निम्मी भरलेली. ती खोलीत आली तेव्हाही निम्मीच होती. आणि बाहेर ती भरणारा पंप तर मघापासून घुमत होता.

"धाकूमामा, वर जाऊन बघता?"

"कशाला? चालू आहे की."

"बघा ना. माझ्यासाठी."

धाकूनं खुंटीवरचं हेल्मेट काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि कुरकुरत बाहेर गेला. खिडकीतून तो शिडी चढताना दिसला. वर पोचून त्यानं झाकण उचललं, तोंड फिरवलं आणि पंप बंद करा म्हणून दोन्ही हात जोरजोरात आडवे हलवले.

उत्तरानं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. पंप थांबला.

"झालं ना बंद?" जगन कागदाला बोटं पुसत म्हणाला. "काठापर्यंत आली असेल, पण सांडलं तर नाही काही."

पडद्यावर टाकी अजून निम्मीच होती. ठिपका लुकलुकत होता. उत्तरानं पर्समधून चिकटपट्टी काढली, तेलाचा ठसा न पुसताच ठिपक्यावर लावली आणि नखानं घट्ट दाबली. मग फोन पुढे ओढून कारखान्याच्या मॅनेजरचा नंबर फिरवू लागली.

"उत्तरा, नोकरी जाईल," जगन म्हणाला.

ती फिरवत राहिली.

धाकू धापा टाकत आत आला. पडद्याकडे बघून थबकला.

"हे झाकलंत? मग आता कळणार कसं, जिवंत आहे का मेलाय?"

"आजच्यापुरतं वर चढूनच, मामा."

धाकूनं एकदा चिकटपट्टीकडे पाहिलं, एकदा जगनकडे. मग स्टुलावर बसला. हेल्मेट त्यानं खुंटीला लावलं नाही, मांडीवर धरून ठेवलं.