घागरभर पाणी

"आईबापांना नीट सांभाळलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

आधीच्या प्रश्नांची उत्तरं फेडिमोसने खाडखाड दिली होती. बापाचं नाव, गाव, कुळाची थडगी कुठे आहेत, कुठल्या लढाईत होता. अथेन्समध्ये पद चिठ्ठीने मिळतं, पण चिठ्ठी निघाल्यावर न्यायसभेत चारशे-पाचशे लोकांसमोर असं उभं राहावं लागतं. या प्रश्नाला मात्र तो अडखळला. मग "हो" म्हणाला. साक्षीला आलेला शेजारी स्मिक्रोनही जीभ चावत हो म्हणाला.

पद तरी केवढं, बाजारातली मापं तपासायची! पण त्यासाठी फेडिमोस गेली चार वर्षं चिठ्ठीत नाव घालत होता. साठीत हे काय खूळ, म्हणून गाव हसायचं. एके काळी हाच फेडिमोस सभेत बोलायला उठला की लोक कान टवकारत. न्याय म्हणजे काय, यावर बाजाराच्या ओवरीत तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाद घाली. आता घरात बोलायला एक खेचर उरलं होतं, आणि तेही बहिरं. संध्याकाळी जव शिजवायचा, एकटाच जेवायचा, आणि भिंतीला पाठ लावून बसून राहायचा.

मुलगा होता. आर्किप्पोस बंदरावर दोर वळायचा. नऊ वर्षांपूर्वी आजोबांना माती दिली त्या दिवशी तो बापाला म्हणाला होता, "यापुढे तुमच्याशी बोलेन ते न्यायसभेत." आणि त्याच पावली घर सोडून गेला. फेडिमोस अधूनमधून बंदरावर जाऊन लांब उभा राही. मुलगा दोरावरून मान वर करत नसे.

आज तो आला होता. मागच्या खांबाला टेकून उभा होता. स्मिक्रोनने त्याला पाहिलं आणि फेडिमोसच्या कानाला लागला.

"चिरंजीव आलेत. पोटात कळ आली म्हण आणि चल घरी. त्याने तोंड उघडलं तर पद जाईलच, वर सभेत बोलायची जन्माची बंदी येईल. तू बोलल्याशिवाय जगशील होय रे?"

"गप बस," फेडिमोस म्हणाला.

दवंडीवाला पुढे झाला. "या माणसावर कोणाला आरोप करायचा आहे का?"

मागे कुणीतरी जांभई दिली. हे पद माणसाला आयुष्यात एकदाच मिळतं, त्यामुळे हा प्रश्नही पुन्हा विचारला जाणार नव्हता. फेडिमोसने मागच्या खांबाकडे पाहिलं.

"मला करायचाय," खांबापासून आवाज आला.

लोकांत कुजबुज झाली. सेवकाने बुडाला भोक असलेली घागर भरून टांगली. पाणी गळून संपेपर्यंत बोलायचं, संपलं की थांबायचं. आर्किप्पोस पुढे आला. बापाकडे न बघता बोलू लागला.

"आजोबा सात दिवस तापात होते. रोज विचारायचे, आला का तो? हे इथे शहरात न्यायावर बोलत होते. मी दोनदा माणूस धाडला. यांनी सांगितलं, उद्या सभेत माझं भाषण आहे. मी सतरा वर्षांचा होतो. आजोबांचे डोळे मी मिटले. एकट्याने. तेव्हा यांना टाळ्या पडत होत्या. आणि त्या रात्री मी..."

घागरीतून शेवटचे थेंब पडले आणि दवंडीवाल्याने त्याला थांबवलं.

"फेडिमोस," अधिकारी म्हणाला, "हे खरं आहे?"

"अक्षर न् अक्षर."

स्मिक्रोनने कपाळावर हात मारून घेतला.

"तरी तुमची बाजू मांडायचा तुम्हाला हक्क आहे. तुमची घागर भरतोय."

फेडिमोसचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो मुलाला इतक्या जवळून बघत होता. दाढी आजोबांवर गेली होती.

"माझं पाणी त्याला द्या," तो म्हणाला. "त्याचा आवाज ऐकायलाच तर चार वर्षं नाव घालतोय."