बशीतलं औषध

आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन आम्हाला सापडलंय, आता कर्करोगाची खैर नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथल्याच संशोधिकेला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, मी ऑपरेशन रद्द केलं. तुमचंच औषध घेईन." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषध कुठलं? काचेच्या बशीत उंदराच्या पेशींचं विभाजन थांबलं होतं, तेही दोनच दिवस. ती फोन चालू ठेवूनच प्रमुखांच्या खोलीत घुसली. "खोटं का बोललात?" "अगं, लोकांना आशा नको का?" ते हसले. तिने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे आदळला. "मग द्या माझ्या भावाला. त्याच्या आतड्यात गाठ आहे." प्रमुख पुटपुटले, "औषध नाहीये अजून. ऑपरेशन करून घ्या." "मोठ्याने!" ती कडाडली. "आणि हेच आज टीव्हीवरही सांगायचंय तुम्हाला."