सुरी हातात देत नाहीत

तिसरी सुरी रवळूआप्पांनी कानाशी नेली, पात्यावर नखानं टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहिले.

"आप्पा, सुरी बघायलासा का पोरगी?" यल्लव्वा म्हणाली.

खडेबाजारात एका कापडदुकानाच्या पायरीशेजारी तिचं गोणपाट पसरलेलं असे. विळे, खुरपी, अडकित्ते, सुऱ्या. मागं तिचा नवरा कल्लाप्पा पायानं धारेचं चाक फिरवायचा. नवराबायकोचं भांडण सकाळी चाकाबरोबर सुरू व्हायचं आणि चाकाबरोबरच थांबायचं. भांडण कन्नडात, धंदा मराठीत. गिऱ्हाइकाच्या वाट्याला ती कन्नडचा एक शब्द येऊ देत नसे.

आप्पांचा हा सलग तिसरा शनिवार. पहिल्या शनिवारी एक तास, दुसऱ्या शनिवारी दीड. खरेदी काही नाही. नोकरी तहसील कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात गेलेली, आता ते पात्यांतल्या काढत होते. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी एका कागदावर अटी उतरवल्या होत्या. खाली रेघ, आणि रेघेखाली: चारशेच्या आत.

"घडीची घ्या की ओ. खिशात बसत्या." यल्लव्वानं एक सुरी गोणपाटावर ठेवली. सुरी ती कुणाच्या हातात देत नसे. तिनं ठेवायची, गिऱ्हाइकानं उचलायची.

"घडीची नको. एका हातानं निघायला पायजे."

"दुसरा हात काय बँकेत ठेवलासा?"

"दुसऱ्या हातात फांदी धरल्याली असत्या."

"फांदी दुसऱ्या कुणीतरी धरायची."

आप्पांनी कागदाकडं बघितलं. "फुडची दाव."

तिनं चकचकीत सुरी ठेवली. पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. "कॉलेजची पोरं हीच न्हेत्यात. वाट चुकली तर दिशा दिसत्या."

"खोलीपासनं बांध आन् बांधापासनं खोली. चुकणार कुठं?"

"मग कोयती न्या. रानात ऱ्हायचं म्हणालासा न्हवं? सुरीनं काय हुतंय तिथं?"

"कोयती पायावर बसली तर गाडी कोण बोलवणार?"

यल्लव्वाचा हात कोयतीवरच थांबला.

"नंदगडच्या फुडं खोली बांधलासा म्हणालासा. आक्का येत न्हाईत व्हय तिकडं?"

"ती गेली. वरीस झालं."

"आन् पोरं?"

"पोरगी पुण्यात. रोज फोन करत्या. जेवलासा का म्हणून इचारत्या. जेवलो म्हणतो."

"जेवता का पण?"

आप्पांनी करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवला. "हिनं फांदी तुटायची न्हाय. नुसती दिसायला हाय."

यल्लव्वानं गोणपाटाचा कोपरा उचलला आणि खालून एक वीतभर सुरी काढून ठेवली. काळपट पातं, बाभळीची मूठ, मुठीत दोन पितळी खिळे. "लॉरीच्या स्प्रिंगपाट्याची. ह्यानंच ठोकल्या. मुठीच्या टोकापतोर एकच पोलाद हाय. तेवढा खोबरेलाचा हात फिरवत ऱ्हावा, न्हायतर गंजत्या."

आप्पांनी टिचकी मारली. मूठ आवळली. खिळ्यांवरून नख फिरवलं; दोन्ही खिळे मुठीशी सपाट बसलेले. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग खालून वर. एकही अट शिल्लक नव्हती. त्यांनी कागदाची घडी केली, तिची आणखी एक घडी केली आणि खिशात ठेवली. चौथ्या शनिवारी इथं यायला आता काही कारण उरलं नव्हतं.

"किती?"

"साडेतीनशे."

त्यांनी साडेतीनशे काढून दिले. यल्लव्वानं नोटा घेतल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. खडेबाजारात पहिल्याच भावाला पैसे देणारा माणूस तिला ठीक वाटत नसे. तिनं सुरी चामड्याच्या म्यानात सारली आणि गोणपाटावर ठेवली.

आप्पांनी ती उचलली नाही. हात पुढं केला.

"हातात दे."

"सुरी हातात देत न्हाईत, आप्पा. भांडण लागतंय." तिनं हनुवटीनं मागं दाखवलं. "लगीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या बाबानं हातात दिलती. तीस वर्सं झाली, अजून मिटंना."

आप्पांनी मागं बघितलं. ठिणग्यांच्या पलीकडं कल्लाप्पा मान खाली घालून तिच्या नावानं काहीतरी पुटपुटत होता. तिनं न वळताच त्याला दोन शब्द सुनावले. त्यानं तीन परत केले.

"लागू दे," आप्पा म्हणाले. हात तसाच.

यल्लव्वानं पदरानं मूठ पुसली. पुसलेली होती तरी पुन्हा पुसली. मग सुरी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटेपर्यंत आपला हात काढला नाही.

"साडेतीनशे म्हटलं की साडेतीनशे काढून देतासा?" ती म्हणाली. "तीनशेला मागायला तोंड न्हाय? तीन शनिवार माझं डोकं खाल्लासा, आन् आता..." पुढचं सगळं कन्नडात गेलं. घासाघीस न करणारा माणूस विकणाऱ्याला चोर समजतो. तो कागद गटारात टाका. पातं गंजवून आणलंत तर बघाच मग.

मागं चाक थांबलं. कल्लाप्पानं मान वर केली. असलं कन्नड आजवर त्याच्या एकट्याच्या वाट्याचं होतं.

आप्पांनी म्यान कमरेला अडकवलं. पायरीवर रुमाल पसरला, त्यावर ऐसपैस बसले आणि कन्नडातच म्हणाले, की मुठीतला एक खिळा वाकडा आहे.