ताटाचा आवाज

सहा वर्षांच्या जाईला उंच खुर्चीवर बसवलं, तेव्हा तिचे पाय अधांतरी लोंबकळत होते. ऐकू येतं का ते तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मागून आवाज वाढवत नेला. जाईची मान वळली नाही.

"मॅडम, ऐकू येतं हो तिला!" आई काकुळतीला आली. "रोज पाठीमागे ताट आपटते मी, लगेच वळते. पेठेतले कानाचे डॉक्टर म्हणाले, ताटाला वळते ना, मग उशिरा का होईना, बोलेल. भिंतीवर सर्टिफिकेट आहे त्यांचं."

"ते सर्टिफिकेट कानाचं मशीन विकण्याचं आहे, ताई. तपासण्याचं नाही." बाईंनी विचारलं, "ताट कुठे आपटता?"

"फरशीवर."

"फरशी हादरते. तेवढंच तिला कळतं." बाईंचा आवाज खाली गेला. "फार उशीर झालाय. आता ऑपरेशन करूनही बोलेल असं वाटत नाही. आणि दोष जन्मजात, म्हणून तुम्ही दाखवलेल्या विम्यात ते बसणारही नाही."

घरी आल्यावर आईने ताट उचललं आणि ती तशीच उभी राहिली. ते पाहून जाई लगबगीने तिच्याकडे पाठ करून बसली. दोन्ही तळहात फरशीवर टेकवून, खुदखुदत, खेळ सुरू व्हायची वाट बघत राहिली.