मधल्या ताई

“ह्याने मला गेंडा म्हटलंय,” आबा म्हणाले. “तेही लेखी. सगळ्यांच्या देखत.”

गोदामातून ते तडक आले होते. शर्टावर खोक्यांची धूळ तशीच होती. त्यांनी मोबाईल ताईंच्या टेबलावर आपटला. ताईंनी चष्मा सावरून वाचलं. कारखान्याच्या नव्या ग्रुपवर जोडणी विभागाच्या मास्तरांनी लिहिलं होतं : ‘गोदामातला गेंडा जागा झाला असेल तर पंपांची सील पाठवा.’ खाली दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले होते.

“हे वाचून माझी पोरं खोक्यांआड तोंड लपवून हसतायत.”

कालपर्यंत ताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. कारखान्यातला प्रत्येक फोन त्यांच्या हातून जायचा. आज त्यांचा बोर्ड काढून नेला होता. फोन, निरोप, मीटिंगा, कागदपत्रं, सगळं आता एकाच पडद्यावर आलं होतं, आणि ज्याचं त्याने बघायचं होतं. ताईंच्या वाट्याला उरले होते दारातून येणारे पाहुणे. पण सकाळपासून पाहुणा एकही आला नव्हता. आली होती ती सगळी आपलीच माणसं. ताई, आवाज कुठून चालू करायचा? ताई, मी दिसतोय का? ताई, हे बंद कसं करू? बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता.

“इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नसलो, तरी हा निरोप कसा रीतसर पाठवायचा,” आबा म्हणाले. “आबांना विचारा, जमेल का. आबांना म्हणावं, कृपया जरा बघा. आता एका दिवसात ह्याला काय शिंगं फुटली?”

एरवी ताईंनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. आज त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

“कृपया मी म्हणायचे, आबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते गेंडाच म्हणायचे. पहिल्यापासून. तुम्ही त्यांना टिनपाट म्हणायचात. मी तिकडे सांगायचे, आबा दुपारपर्यंत देतो म्हणालेत.”

आबा पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. मान खाली घालून ते तळहातावरची धूळ अंगठ्याने पुसू लागले. चिडतील असं ताईंना वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

“ही गेली तेव्हा,” ते हळू आवाजात म्हणाले, “कामावर परत आलो त्या दिवशी तुम्ही फोन केला होता. मास्तरांचा निरोप आहे म्हणालात. आबांना म्हणावं, मालाची घाई नाही, आम्ही इकडे सांभाळून घेतो. वेळेवर जेवत जा.”

ताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

“घरी काही मी वेळेवर जेवत नव्हतो. पण इथे डबा उघडायचो. वाटायचं, ज्याच्याशी आपलं जमत नाही त्यालासुद्धा आपली काळजी आहे.” त्यांनी मान वर केली. “तोही तुमचाच निरोप होता का?”

त्या दिवशी मास्तर काय म्हणाले होते ते ताईंना शब्दन् शब्द आठवत होतं. ‘आता हा महिनाभर सुतकी तोंड घेऊन बसेल आणि माझं काम अडवेल.’

“नाही,” ताई म्हणाल्या. “तो त्यांचा होता.”

आबांनी मान हलवली. मग मोबाईल पुढे सरकवला. “एकट्यालाच लिहायचं झालं तर कुठे दाबायचं? सगळ्यांना नको.”

ताईंनी दाखवलं. आबांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं : ‘ही गेली तेव्हा तुम्ही जेवायची आठवण करून दिली होती. आभार मानायचे राहून गेले. सील आत्ता पाठवतो.’ पाठवलं, आणि सील काढायला ते तसेच निघून गेले. मोबाईल टेबलावरच, तसाच उघडा राहिला.

थोड्याच वेळात ताईंचा पडदा वाजू लागला. मास्तर होते. कॅमेऱ्यात त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

“ताई, हा आबा काय लिहितोय? मी ह्याला कधी जेव म्हटलं?”

“म्हणालात की. मी निरोप दिला होता.”

“अहो, मी तर त्या दिवशी...” मास्तर थांबले. मागे यंत्रांची घरघर चालली होती. “मी काय म्हणालो होतो ते आठवतंय मला.”

“मलाही आठवतंय.”

मास्तर मागे सरले तसा त्यांचा सगळा चेहरा पडद्यावर आला. ताईंनी इतकी वर्षं रोज त्यांचा आवाज ऐकला होता. आवाजावरून वाटायचं त्यापेक्षा मास्तर पुष्कळ थकलेले होते.

“तुम्ही त्याला सांगितलंत?”

“नाही.”

“मग आता मी काय लिहू त्याला?”

ताईंना उत्तर येत होतं. दोन ओळी जिभेवर तयारही होत्या. नेहमीसारख्याच मऊ.

“ते तुमचं तुम्ही बघा, मास्तर,” त्या म्हणाल्या आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला. कानाच्या पाळ्या दुखत होत्या. डोळे मिटून त्या मागे टेकल्या.

डोळे उघडले तेव्हा आबांचा मोबाईल उजळलेला होता. पडद्यावर मास्तरांच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ अशी अक्षरं उमटली. पुसली गेली. पुन्हा उमटली.