देवांचा पाट

"आधी देव बाहेर काढू, उगाच पाप नको," अतिक्रमण विभागाचे साहेब म्हणाले. नाल्याकाठची झोपडी दुपारच्या आत पाडायची होती. जेसीबीवर बसलेला बाबासो किल्लीशी चाळा करत बघत राहिला.

साहेबांनी बूट काढले, आत जाऊन हौसाबाईचे देव ताम्हनात घेतले आणि लिंबाच्या सावलीत अलगद नेऊन ठेवले. म्हातारी उन्हातच उभी होती.

"चल, पाड."

बाबासोचा हात उचलेना. "देवांची सोय झाली, साहेब. आजीनं कुठं जायचं?"

"ते आपल्या खात्याकडं येत नाही."

हौसाबाई आत गेली आणि देवांच्या रिकाम्या पाटावर मांडी घालून बसली.

"या, साहेब," तिनं हाक मारली, "आता मलाही तसंच उचला. बूट काढून."